कृत्रिम स्तन, तीन ब्रा आणि पडद्याबाहेरची खुर्ची

माझ्या पत्नीचा डावा स्तन कर्करोगामुळे जानेवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रियेने काढावा लागला. त्यानंतर आम्ही जे जे विकत घेतले त्यात सर्वांत जास्त पायपीट आणि मनस्ताप झाला तो ब्राच्या आत घालायच्या सिलिकॉनच्या कृत्रिम स्तनासाठी. दुकानांत त्याला सरसकट ‘पॅड’ म्हणतात, म्हणून पुढे मीही तोच शब्द वापरतो. हे परीक्षण त्या पॅडचे, त्याच्यासोबत घेतलेल्या तीन ब्रांचे आणि त्याहून अधिक, ते माप घेऊन बसवून देणाऱ्या सेवेचे आहे. वापराला आता दोन वर्षे होत आली आहेत. लिहिणारा मी नवरा आहे आणि वापरणारी ती आहे; त्यामुळे वस्तू अंगावर कशी वाटते याविषयीचे प्रत्येक विधान तिचे आहे. हा मजकूर तिने वाचला आहे आणि त्यातली दोन वाक्ये काढायला लावली आहेत.

दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या कामातला सगळा गुण माप घेणाऱ्या व्यक्तीच्या हातात असतो. त्या बाई उद्या दुसरीकडे गेल्या तर पाटी तीच राहील आणि गुण निघून जाईल. त्याआधी ज्या दुकानात आमची फसगत झाली त्याचेही नाव देत नाही, कारण तशी दुकाने एकाहून अधिक असावीत अशी माझी अटकळ आहे.

आम्ही डोंबिवलीला राहतो. उपचार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि मग रेडिएशन असा क्रम होता: तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने केमोच्या लाल औषधाचे ४ डोस, नंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्याच दुसऱ्या औषधाचे १२, ऑपरेशन, आणि मार्चमध्ये तीन आठवड्यांत रेडिएशनच्या १५ बैठका. मी सहकारी बँकेत ३१ वर्षे काढलेला माणूस असल्यामुळे पहिल्या दिवसापासून एक वही घातली होती. तिच्यात ताप, रक्तातील पांढऱ्या पेशी, गोळ्यांच्या वेळा आणि खाल्लेल्या पोळ्या यांची नोंद असे. ऑपरेशननंतर काखेखालून निघणाऱ्या ड्रेनच्या नळीतले पाणी सकाळ-संध्याकाळ मोजून मी त्याच वहीत लिहीत होतो, कारण चोवीस तासांचा आकडा सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर नळी काढू, असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्या काळात वहीने मला फार आधार दिला. घोटाळा एवढाच झाला की पॅडची खरेदीही मी त्याच वहीतली एक नोंद समजलो: माप विचारायचे, भाव विचारायचा, पावती लावायची.

मुळात पॅड हवेच कशाला, हा प्रश्न आम्हाला जवळच्या नात्यातल्या दोघा-तिघांनी विचारला. वय ५४, दोन मुले आपापल्या संसारात, नेसण साडीचे, पदर डाव्या खांद्यावरून, म्हणजे नेमका त्याच बाजूवरून येणारा. मग कोणाला काय कळणार आहे, असा त्यांचा सूर होता. माझी पत्नी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तिने एकदाच उत्तर दिले: “फळ्याकडे वळले की मला कळते.” स्तनाची पुनर्रचना करण्याचा पर्याय डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितला होता. आणखी एक मोठे ऑपरेशन नको, असे तिचे म्हणणे होते आणि त्यावर मी काही मत देण्याचा प्रश्न नव्हता.

दिसण्याखेरीज दुसरे कारण वजनाचे होते. एका बाजूचे वजन एकाएकी नाहीसे झाले की शरीर नकळत तोल सावरू पाहते. ऑपरेशननंतर दोन महिन्यांत तिचा डावा खांदा वर उचलल्यासारखा दिसू लागला आणि मानेपासून पाठीपर्यंत ओढ बसू लागली. टाटामध्ये शिकवलेले व्यायाम, विशेषतः भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा, ती न चुकता करीत होती. तरीही आरशासमोर उभी राहिली की दोन खांदे दोन उंचीवर दिसत. जखम पूर्ण भरेपर्यंत आणि रेडिएशनने काळवंडलेली, हुळहुळी झालेली कातडी पूर्ववत होईपर्यंत सिलिकॉन लावायचे नसते. तेवढ्या काळासाठी तिने जुन्या सुती साडीची पिशवी शिवून तिच्यात कापूस आणि वजनासाठी मूठभर मोहरी भरली. मार्च-एप्रिलच्या घामात त्या मोहरीला जो वास येऊ लागला तो लक्षात घेता हा उपाय मी कोणाला सुचवणार नाही.

मे महिन्यात आम्ही पहिल्या दुकानात गेलो. गुडघ्याचे पट्टे, वॉकर, कमोडच्या खुर्च्या आणि रक्तदाब मोजायची यंत्रे यांनी भरलेले ते नेहमीचे सर्जिकल साहित्याचे दुकान होते. काउंटरवरच्या तरुणाने माझ्याकडे पाहून विचारले, “काका, काकूंची साइज काय?” काकू माझ्या शेजारी, हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी वहीत लिहून नेलेला ब्राचा जुना आकडा सांगितला. त्याने वरच्या फळीवरून एक खोका काढला, काचेच्या काउंटरवर उघडला आणि आतली वस्तू हातात धरून, मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना दिसेल अशा उंचीवर, दाबून दाखवली. “एकदम नॅचरल आहे,” असे तो मलाच म्हणाला. टेप काढला नाही, घालून पाहायला जागा नव्हती, कोणत्या बाजूचे हवे हे विचारले नाही. मी ४,२०० रुपये दिले, कारण मला तिथून लवकर बाहेर पडायचे होते, आणि तिलाही पडायचे असावे अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. रस्त्यावर आल्यावर ती काहीच बोलली नाही आणि परळ स्टेशनपर्यंत माझ्या दोन पावले पुढे चालत राहिली.

घरी आल्यावर कळले की ते पॅड उजव्या बाजूचे होते. ज्यांना ही खरेदी करायची आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो. पॅड काही आकारांत मिळतात. त्रिकोणी पॅड दोन्ही बाजूंना चालते. थेंबाच्या आकाराचेही बहुधा चालते. परंतु ज्याचे एक टोक शेपटासारखे काखेकडे लांबवलेले असते ते डावे आणि उजवे असे वेगवेगळे येते, आणि काखेतल्या गाठींबरोबर तिथले मांसही काढले गेले असेल तर हेच पॅड उपयोगी पडते. आमच्या पॅडचे शेपूट काखेऐवजी छातीच्या मधोमध आले. दुसऱ्या दिवशी मी ते परत घेऊन गेलो, तेव्हा खोका उघडला असल्यामुळे आरोग्याच्या कारणास्तव परत घेता येणार नाही, असे उत्तर मिळाले. खोका त्यांनीच काउंटरवर उघडला होता, हे म्हणणे फुकट गेले.

त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात या विषयावर कोणी बोलले नाही. दुसरे ठिकाण तिने शोधले, मी नव्हे. तिच्याबरोबर रेडिएशनला येणाऱ्या एका बाईंनी दादरच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या या दुकानाचा पत्ता दिला होता. वेळ आधी ठरवून जावे लागते आणि एका वेळी एकाच गिऱ्हाइकाला घेतात. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हे काम उरकायचे होते, म्हणून मिळाली ती दुपारची वेळ घेतली.

तिथल्या बाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी आम्हा दोघांना पाणी दिले, खुर्च्या दिल्या आणि माझ्या पत्नीला विचारले, “माप आत घेऊ. यांनी आत यावे असे वाटते का, की बाहेर बसतील?” तिने क्षणभरही न थांबता सांगितले, “बाहेर बसू देत.” मी पडद्याबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिची पर्स आणि टाटाची फाइल मांडीवर घेऊन ५० मिनिटे बसलो.

हे लिहिणे सोपे नाही, पण लिहिले नाही तर परीक्षण अर्धवट राहील: मला ते लागले. ड्रेनचे पाणी मी मोजले होते, केस गळू लागल्यावर यंत्राने तिचे डोके मी भादरले होते, जखमेची पट्टी मी बदलली होती. त्या छातीवर मी पाहिले नाही असे काही उरले नव्हते आणि आता मला पडद्याबाहेर बसवले गेले होते. दहा-एक मिनिटे मी हेच घोळवीत होतो. मग आतले संभाषण कानावर पडू लागले, कारण मध्ये कापडाचा पडदाच होता आणि दोघीही मोकळ्या आवाजात बोलत होत्या. बाई विचारीत होत्या: लोकलने जाता का, आणि गर्दीच्या वेळी की उशिरा? फळ्यावर लिहिता, म्हणजे उजवा हात वर जातो. डाव्या हातात वही असते का? पदराला पिन कुठे लावता? घरात गाऊन घालता की साडी? रात्री कोणत्या कुशीवर झोपता? अंगातून गरम वाफा येतात का, दिवसातून किती वेळा? माझ्या पत्नीने दिलेली बरीचशी उत्तरे मला नवीन होती. ऑपरेशन झाल्यापासून ती डाव्या हातात काही धरायला घाबरत होती आणि म्हणून वर्गात वह्या मुलांकडे देऊन ठेवण्याचा तिचा बेत होता, हे मला त्या खुर्चीवर बसून समजले. मी एवढे महिने तिला विचारत आलो ते जेवलीस का, दुखते का आणि गोळी घेतलीस का.

आता मापाविषयी. बाईंनी छातीखालचा घेर, उरलेल्या स्तनाचा उभार आणि काखेतली पोकळी अशी तिन्ही मापे टेपने घेतली आणि आधी ब्रा ठरवली, मग पॅड. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ब्रा ढिली असेल तर उत्तमातले उत्तम पॅडही खाली ओघळते. मग एकाच मापाची दोन प्रकारची पॅड घालून पाहिली: एक नेहमीच्या सिलिकॉनचे आणि दुसरे हलक्या सिलिकॉनचे, जे त्याच आकारात सुमारे पाव ते एक तृतीयांश कमी वजनाचे असते. प्रत्येक पॅड घालून तिला दोन्ही हात वर करायला लावले, वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायला लावला, आणि एकदा खोटा फळा धरून भिंतीवर लिहायला लावले. त्यानंतर बाईंनी तिला साडी नेसून बाहेर यायला सांगितले. तेव्हा मला प्रथमच विचारण्यात आले, आणि तेही बाईंनी नव्हे तर तिनेच विचारले: “अहो, खांदे सारखे दिसतात का?” दोन्ही खांदे एका रेषेत होते. मी तसे सांगितले आणि इतर काही बोललो नाही. त्या दिवशीचे माझे ते एकमेव शहाणपण.

तिने हलके पॅड घेतले. किंमत ८,५०० रुपये, ब्रा प्रत्येकी १,१०० रुपये, अशा तीन. एकूण ११,८०० रुपये. आधीचे वाया गेलेले ४,२०० यात धरलेले नाहीत. पॅडवर दोन वर्षांची हमी होती. आमच्या आरोग्य विमा कंपनीने हा खर्च नाकारला. विमा असणाऱ्यांनी हे आधी विचारून ठेवावे म्हणजे पावत्या जोडण्याचा खटाटोप तरी वाचेल.

घरी आल्यावर मी दोन्ही पॅड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. फसलेले ४८० ग्रॅम भरले आणि नवे ३४०. “पीठ मोजायचा काटा आहे तो,” असे म्हणून तिने तो पुसून घेतला. कागदावर १४० ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईच्या हाताला सूज येण्याची भीती आयुष्यभर राहते. अरुंद पट्टी खांद्यात रुतून बसणे अशा हाताला चांगले नाही, आणि जड पॅड पट्टी खाली ओढते. म्हणून ब्राची पट्टी दोन बोटे रुंद आणि आतून मऊ असावी, तार नसावी, आणि निदान एक तरी ब्रा पुढून हुक असलेली असावी, असे बाईंनी सांगितले होते. पुढच्या हुकांचे महत्त्व मला पटायला वेळ लागला नाही, कारण त्याआधी चार महिने पाठीमागचे हुक मीच लावत होतो.

पॅडचा अनुभव एकंदरीत चांगला आहे. पातळ आवरणाच्या आत मऊ सिलिकॉन असल्याने ते अंगाच्या उष्णतेने दहा-पंधरा मिनिटांत कोमट होते. डिसेंबरातल्या सकाळी मात्र पहिला स्पर्श बर्फासारखा लागतो, म्हणून ती चहा होईपर्यंत ते रजईखाली ठेवते. रोज रात्री कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, मऊ पंच्याने टिपून, ज्या साच्याच्या खोक्यात ते येते त्याच खोक्यात ठेवावे लागते. नाहीतर आवरणाला घडी पडून तिथे चीर जाण्याचा धोका असतो. पहिला महिनाभर हे धुण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले होते. एके रात्री तिने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि सांगितले की हे मला करू द्या, तुम्ही आता झोपा. त्यानंतर मी त्या खोक्याला हात लावलेला नाही.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सेफ्टी पिन. परदेशी माहितीपत्रकात मांजराची नखे आणि ब्रोच यांचा उल्लेख असतो. आपल्याकडे पदराच्या निऱ्या, गणपतीतली नऊवार आणि हळदीकुंकवाच्या ठेवणीतल्या साड्या हा खरा धोका आहे. एकदा टोचले की आतले सिलिकॉन चिकट होऊन बाहेर येऊ लागते आणि पॅड बाद होते. दादरच्या बाईंनी पिन खांद्यावरच्या शिवणीतच, टोक गळ्याच्या बाजूला करून लावायला शिकवले होते. दोन वर्षांत एकदाही टोचलेले नाही. मंगळसूत्राच्या वाट्यांची कड घासू नये म्हणून, पॅड ज्यात बसते त्या ब्राच्या खिशाला आतून सुती अस्तर आहे, आणि ते पुरेसे ठरले आहे.

उणीव आहे ती उन्हाळ्याची. कर्करोग परत उद्भवू नये म्हणून दिलेल्या लेट्रोझोलच्या गोळीमुळे तिला अचानक वाफा येतात, आणि ही गोळी पाच वर्षे चालायची आहे. एप्रिल-मेमध्ये वाफ आली की पॅडच्या मागे घामाचे अक्षरशः तळे होते. पहिल्या उन्हाळ्यात तिथे पुरळ उठले. बाईंकडे फोन केल्यावर त्यांनी सुती खोळ दिली, १५० रुपयांना, आणि त्या खोळीने बराच फरक पडला. तरीही दुपारी एकच्या पुढे ती मे महिन्यात पॅड ठेवू शकत नाही. कंपनीने मागच्या बाजूला हवा खेळती राहील असे खोलगट पन्हळ केल्याचे खोक्यावर छापले आहे. ते पन्हळ मुंबईच्या दमटपणासाठी केलेले नसावे.

ब्रांबद्दल माझे आणि तिचे मत इतके चांगले नाही. तीन ब्रांपैकी एकीच्या खिशाची शिवण सहाव्या महिन्यात उसवली. रंग पांढरा, कातडीसारखा आणि काळा एवढेच मिळतात, आणि १,१०० रुपयांच्या मानाने कापड सामान्य आहे. आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या ताईंनी नंतर एक साधी सुती ब्रा घेऊन, तिला आतून खिसा आणि खांद्याला रुंद पट्टी लावून दिली. मजुरी ६० रुपये. आज ती शाळेत तीच वापरते. याच ताईंनी कटोरी ब्लाउज शिवणे बंद करून तिला प्रिन्सेस कटचे ब्लाउज शिवून दिले, कारण कटोरीची गोल शिवण पॅड किंचित हलले तरी लगेच वाकडी दिसते. डावीकडची बगल थोडी वर घेतली आणि गळा दोन बोटे लहान केला, म्हणजे वाकले तरी आतले दिसत नाही. हे सगळे ठरवताना त्या दोघींनी माझ्या वहीचे एक पान फाडून घेतले आणि त्यावर मापे लिहिली. पूर्वी मला याचा राग आला असता.

पॅडला असलेल्या पर्यायांविषयीही थोडे सांगणे योग्य होईल. सुती धाग्याने विणलेली पॅड मुंबईतल्या काही स्वयंसेवी महिला तयार करून विनामूल्य देतात. ‘निटेड नॉकर्स’ या नावाने अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमाची ही कल्पना आहे; धागा मऊ, आत पॉलिस्टरचा कापूस, आणि मागून नाडी ओढून कापूस कमी-जास्त करण्याची सोय. माझ्या पत्नीकडे असे एक आहे आणि मे महिन्यातल्या दुपारी, घरात, प्रवासात ती तेच घालते. ते अंगावर असल्याचे समजत नाही, धुऊन दोरीवर वाळत घालता येते, पिन टोचली तर काही बिघडत नाही. त्याचा एकच दोष म्हणजे ते इतके हलके असते की दिवसभरात ब्रासकट वर सरकते. तिने आत काचेच्या मण्यांची लहानशी पुरचुंडी ठेवून त्यावर तोडगा काढला. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा ती मोहरीची पिशवी वापरत होती, तेव्हा आम्हाला हे माहीत असते तर बरे झाले असते. ज्यांना सिलिकॉनचा खर्च झेपणार नाही त्यांनी यापासूनच सुरुवात करावी, आणि ज्यांना झेपेल त्यांनीही.

ऑनलाइन मिळणाऱ्या पॅडबद्दल आमचा स्वतःचा अनुभव नाही, आणि माप न घेता घेतलेल्या पॅडचे काय होते हे आम्ही ४,२०० रुपये भरून शिकलो आहोत. एकदा आपला आकार आणि क्रमांक नक्की कळल्यावर दुसऱ्या खेपेला तसे मागवायला हरकत नसावी. पहिल्या खेपेला मात्र मागवू नये.

ही सेवा घेऊ इच्छिणाऱ्या नवऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. दुकानात गेल्यावर समोरचा माणूस तुमच्याशी बोलू लागेल, कारण पाकीट तुमच्या खिशात आहे असे तो धरून चालतो. त्या वेळी एक पाऊल मागे व्हावे आणि उत्तर देऊ नये. शांतता अवघड वाटते, पण ती चार-पाच सेकंदांतच संपते आणि मग विक्रेता योग्य व्यक्तीकडे वळतो. तो वळलाच नाही तर दुकान बदलावे. दुसरे असे की पॅड आणल्यावर किती तास घातले, किती वाजता काढले, याची चौकशी करू नये. मी पहिल्या आठवड्यात तीही नोंद ठेवली होती: सोमवारी २ तास, मंगळवारी ३, बुधवारी दीड. गुरुवारी तिने वही मिटवली आणि म्हणाली, “हे ड्रेनचे पाणी नाही.” त्या रकान्यात पुढे काही लिहिलेले नाही, त्यामुळे ती आता ते दिवसभर घालते की अर्धा दिवस, हे मला नेमके सांगता येणार नाही. शाळेतून येताना ते अंगावर असते एवढे मला ठाऊक आहे.

गुण द्यायचेच तर माप घेण्याच्या सेवेला पाचपैकी पाच, पॅडला चार आणि ब्रांना अडीच. सेवेतली एक गैरसोय नोंदवतो: पहिला मजला चढण्यासाठी जुना लाकडी जिना आहे आणि त्याला एकाच बाजूला, चढताना डावीकडे, कठडा आहे. डाव्या बाजूचे ऑपरेशन झालेल्या बाईला त्याचा चढताना काही उपयोग होत नाही. बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी इमारत पागडीची असल्याचे सांगून हात जोडले. तेव्हापासून त्या फोनवर वेळ देतानाच कोणत्या बाजूचे ऑपरेशन आहे हे विचारतात आणि गरज असेल तर मदतनीस मुलीला खाली पाठवतात.

पॅडची हमी येत्या जूनमध्ये संपते. आवरणाच्या खालच्या कडेला एक बारीक सुरकुती दिसू लागली आहे, म्हणजे नवे घ्यावे लागेलच. वेळ ठरवण्यासाठी तिने कालच फोन केला. बरोबर तिची धाकटी जाऊ जाणार आहे. माझ्याकडे दोघींना दादर स्टेशनवर उतरवून घेऊन तासाभराने परत भेटण्याचे काम आहे.